भ्यालेल्या निंबाजीची उभी पेटी

ऐका. लांबवर धूर दिसला की भरल्या दिवसा गावं ओस पडत, तेव्हाची ही गोष्ट. मुलखात कुणाला कुणाचा धाक उरला नव्हता. घोड्यांवरून पेंढारी यायचे, हाताला लागेल ते न्यायचे, न्यायला नाही आलं तर जाळायचे. त्या काळी काळ्या कड्याच्या पायथ्याशी उंबरदरी नावाचं तीस घरांचं गाव होतं, अन् त्या गावात निंबाजी नावाचा सुतार राहत होता.

निंबाजी अंगानं काटकुळा होता, बोलायला कमी होता, अन् हाताला फार नेमका होता. त्यानं बसवलेल्या दाराच्या फटीतून मुंगी जात नसे, असं म्हणतात. घरात त्याची बायको सगुणा अन् चार वर्षांची लेक तानी. बाकी कुणी नाही.

धाड आली की उंबरदरीची माणसं कड्यावरच्या कपारीत जाऊन लपत. कपार म्हणजे कड्याच्या पोटात गेलेली आडवी खाच. लांबीला बरी, पण आत जेमतेम दोन माणसं एकामागं एक झोपतील एवढीच. एका घराच्या वाट्याला बाज टाकण्याइतकीही जागा येत नसे. वर जायची वाट तर एवढी अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकानं पाठ कड्याला टेकून उभं राहायचं.

एका पौषात अशीच धाड आली. लोक जीव घेऊन वर पळाले. त्यांचे कपडे घरातल्या मोठ्या आडव्या पेटाऱ्यांत राहिले, कारण असला पेटारा त्या वाटेनं चढतो कुठं? काहींनी गाठोडी बांधून आणली. ती दाटीत पायाखाली आली, कुणाचं कुणाला सापडेना. उत्तरेचा वारा कपारीत शिरला अन् लेकरं काकडायला लागली. तानीचे ओठ निळे पडले. ती रडायला लागली, अन् तिचं रडणं कड्याला आपटून दहापट व्हायला लागलं.

"गप कर गं तिला," पाटील दबक्या आवाजात म्हणाला. "खाली ऐकू जाईल."

सगुणा उठली. "घोंगडी दारातच वाळत घातलीय," ती निंबाजीला म्हणाली. "अस्सी जाते अन् अस्सी येते."

"नको जाऊस," निंबाजी म्हणाला.

"पोर गारठून मरंल, नाहीतर रडून समद्यांना धरून देईल. मग काय करू?"

निंबाजीला म्हणायचं होतं, तू बस, मी जातो. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण खालून टापांचा आवाज आला अन् त्याच्या पायांतलं बळच गेलं. सगुणा गेली. तो बसून राहिला.

पेंढारी गेल्यावर ती दारातच सापडली. घोंगडी तिच्या मुठीत होती. ती सोडवायला भागाई सुईणीला एकेक बोट उलगडावं लागलं.

त्या दिवसापासून निंबाजीच्या अंगात भीती राहायला आली. शेजारी उखळात मुसळ पडलं तरी त्याला टापा ऐकू यायच्या. चुलीचा धूर दाट झाला की तो अंगणात येऊन डोंगराकडे बघायचा. बसल्या जागी हातपाय थरथरायचे. गाव त्याला भित्रा निंबा म्हणायला लागलं. पोरं पाठीमागून येऊन जीभ टाळ्याला लावून टापांचा आवाज काढायची, अन् तो दचकला की हसायची. निंबाजी पुन्हा हातातलं काम धरायचा. बोलणार काय? खरंच होतं ते.

पण त्याच्या मनात एकच विचार फिरत होता. माझी बायको पेंढाऱ्यांनी मारली हे खरं, पण ती खाली गेली ती एका घोंगडीसाठी. घोंगडी वर असती तर?

मग तो कपारीत जाऊन बसायला लागला. काठी घेऊन जायचा अन् मापं घ्यायचा. वाट सगळ्यात अरुंद कुठं आहे, छत सगळ्यात खाली कुठं आहे, एका घराला भिंतीशी किती हात येतात. अन् खाली येऊन त्यानं पेटी करायला घेतली.

पहिली पेटी सागाची झाली. ती पाठीवर घेऊन तो वाटेला लागला अन् निम्म्यातच गुडघे टेकले. दुसरी शिवणीच्या लाकडाची, हलकी झाली. ती वर गेली, पण तिचं झाकण वरून उघडत होतं. तळाचं दुपटं काढायचं तर आधी सगळे कपडे बाहेर, अन् ते बाहेर ठेवायला कपारीत जागा कुठाय? तेव्हा निंबाजीनं पेटी उभी केली. दोन हात उंच, एक हात रुंद, अन् खोली वीतभराहून थोडी जास्त. तिला कपाटासारखं समोरून दार दिलं. वर आडवी दांडी घातली, तिच्यावर लुगडी, धोतरं दुमडून टांगायची. खाली खण केले. पण दार उघडलं की पेटी पुढं कलायला लागली. मग त्यानं जड घोंगड्यांचा खण सगळ्यात खाली घेतला, अन् पेटी थिर उभी राहिली.

असं म्हणतात, की त्या पेटीतली एकेक गोष्ट निंबाजीच्या भीतीनं घडवली. हात थरथरत असले तर कडी निघणार नाही, म्हणून त्यानं दाराला तळव्याएवढी लाकडी फिरकी लावली, कोपराच्या धक्क्यानंसुद्धा फिरेल अशी. आईबाप जवळ नसले तर लेकरानं काय करायचं, म्हणून लेकरांच्या कपड्यांचा खण लेकरांच्या हाताशी ठेवला. कपारीत पाणी झिरपायचं, म्हणून पेटीच्या पाठीला बिब्ब्याचं तेल चोळलं. त्यानं हातावर फोड उठले, पण पाठ काळीकुट्ट झाली अन् पाण्याला दाद देईनाशी झाली.

तीन वर्षं गेली. निंबाजीनं घराघरासाठी पेटी केली. सगळ्या एकाच मापाच्या, सुतभर इकडं-तिकडं नाही. बायका सगळ्यांत आधी राजी झाल्या, कारण धाड येवो न येवो, त्यांच्या एका खोलीच्या घरात ती पेटी कोपऱ्यात मावायची अन् उंदरांना वाट मिळायची नाही. हैबती पाटील अन् त्याचा भाऊ तेवढे नको म्हणाले.

"भित्र्याचं सोंग माझ्या घरात नको," पाटील म्हणाला. "आमचा पेटारा आज्यापासूनचा आहे."

"पाटील, तो वर चढायचा नाही," निंबाजी म्हणाला.

"मग मी बी चढायचा नाही. दारात उभा राहून दोन हात करीन."

निंबाजी मान खाली घालून निघून आला.

मग तो दिवस उगवला. पुन्हा पौषच होता. सकाळची न्याहारी व्हायची होती अन् शेजारच्या गावावर धूर उठला. सगळ्यांच्या आधी तो निंबाजीनं पाहिला. किंचाळायला गेला तर आवाजच फुटेना. त्यानं लाकूड तासायचा वाकस उचलला अन् तो पिंपाच्या लोखंडी पट्टीवर बडवत सुटला. लोकांनी उभ्या पेट्या पाठीवर घेतल्या, अंबाडीचे पट्टे खांद्यांत अडकवले, अन् भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात गाव कपारीत पोचलं. पाटीलही आला. दोन हात करायचं धूर दिसल्याबरोबर राहून गेलं होतं. अंगावरच्या बंडीनिशी तो अन् त्याचा भाऊ बसले, अन् भागाईनं आपल्या पेटीतून पाटलाला एक जुनं लुगडं दिलं. पाटलानं ते निमूटपणे पांघरलं.

या खेपेला लेकरं रडली नाहीत. उबेत होती. आईच्या कुशीत झोपून गेली. सारा दिवस अन् रात्र कुणी खाली गेलं नाही, कारण खाली जायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा वाटेवरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. निंबाजीनं कडेनं वाकून बघितलं. रिकामं गाव पाहून पेंढारी चिडले होते. घोडी खाली बांधून सहासात जण पायी वर येत होते, हातात भाले होते. वळण ओलांडलं की कपार समोर. लपायला पुढं झुडूपसुद्धा नव्हतं.

कपारीत माणसं बसल्या जागी थिजली. कुणी तोंडात पदर कोंबला. निंबाजीचे दात एकमेकांवर वाजायला लागले. त्याला वाटलं, हेच दात मला धरून देणार. त्यानं दातांत बोट धरलं, अन् त्याची नजर काळ्या पाठींवर गेली.

"पेट्या," तो बोट काढून कुजबुजला. "तोंडाशी लावा. पाठी बाहेर."

"काय म्हणतोस?" भागाईनं विचारलं.

"कडा काळा, पेट्या काळ्या. लावा गं, लावा!"

लोकांनी पेट्या उचलल्या. एकीशेजारी एक, एकीवर एक. एका मापाच्या पेट्या, त्या अशा बसल्या की मध्ये नख जाईना. बघता बघता कपारीचं तोंड भरत आलं. पण पाटलाच्या अन् त्याच्या भावाच्या घरची पेटी नव्हती. डाव्या कडेला एक हातभर रुंद फट उरली, अन् तिच्यातून ऊन सरळ आत, लेकरांच्या अंगावर पडत होतं.

पाटील उठला. "मी उभा राहतो," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण तो खरोखर उठला होता. फटीपाशी गेला, आडवा झाला, पोट आत घेतलं. देह मावेना.

मावणारा एकच माणूस होता. निंबाजीला ते कळलं. त्याच्या पायांतलं बळ गेलं, सगुणा खाली गेली त्या दिवशी गेलं होतं तसंच. पण या खेपेला तो पायांच्या भरवशावर राहिला नाही. गुडघ्यांवर रांगत गेला. सगुणाच्या मुठीतून सोडवलेली ती काळी घोंगडी त्यानं डोक्यावरून घेतली, फटीत शिरला, पाठ बाहेर केली अन् दोन्ही हातांनी शेजारची पेटी धरून उभा राहिला.

आता त्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं. समोर फक्त गाव होतं. दीडशे डोळे त्याच्याकडे बघत होते, अन् पुढंच सात वर्षांची तानी. पाठीमागं पावलं आली. अगदी जवळ आली. कुणीतरी थुंकलं. कुणाच्या तरी श्वासाचा वास त्याला आला.

"इधर तो कुछ नहीं," एक आवाज म्हणाला.

दुसऱ्यानं भाला पुढं केला अन् खडक टोचत टोचत चालायला लागला. पहिला टोला कड्यावर. दुसरा पेटीवर, तो बद्द वाजला. आत घोंगड्या ठासून भरल्या होत्या. तानीनं डोळे मिटले. निंबाजीनं मिटले नाहीत. त्याच्या मनात एवढंच आलं, की थरथरू नको. आयुष्यभर थरथरलास, आता एवढा एक श्वास थरथरू नको. दगड हो. देवा, मला दगड कर, असं त्याचे ओठ पुटपुटले, अन् समोरच्यांना ते ओळखू आलं.

अन् भाला त्याच्या पाठीवर बसला.

असं म्हणतात, की आवाज आला तो दगडाचा. टण्णकन. ठिणगी उडाली, ती आतल्या माणसांनी घोंगडीच्या विणीतून पाहिली. "पत्थर है," तो पेंढारी म्हणाला. मग पावलं लांब गेली, दगड घरंगळले, अन् बऱ्याच वेळानं खाली घोडी खिंकाळली अन् टापा विरत गेल्या.

लोकांनी पेट्या बाजूला केल्या. निंबाजी हलला नाही. भागाईनं त्याच्या पाठीला हात लावला अन् चटका बसावा तसा मागं घेतला. पाठ कड्यासारखी गार अन् कडक होती. नाकाशी सूत धरलं, ते हललं नाही. चौघांनी त्याला उचलायला घेतला, तर चौघांना पेलेना. आडवा केला, तरी हात पेटी धरल्यासारखे वरच राहिले.

"बा," तानी म्हणाली. "बा, गेले ते."

  सगळ्यांना एकदम भीती वाटली, भाल्यांची वाटली त्याहून जास्त. आपण ज्याला हसत होतो त्यानं देवाकडं काय मागितलं अन् देवानं काय दिलं, हे त्यांच्या डोळ्यांपुढं पडलेलं होतं.

तानी उठली. तिनं आपल्या पेटीची फिरकी कोपरानं फिरवली अन् खणांतलं एकेक काढून बापाच्या अंगावर घालायला लागली. आपलं दुपटं घातलं, आईचं लुगडं घातलं. ते पाहून भागाई उठली. मग सगळ्याच उठल्या. तीस घरांच्या गावातल्या झाडून सगळ्या पेट्या उघडल्या. बंड्या, धोतरं, वाकळा, बाळंतिणीची फडकी, सगळं निंबाजीवर पडलं. शेवटी पाटलानं अंगावरचं जुनं लुगडं काढलं अन् त्याच्या पायांवर घातलं, अन् स्वतः उघड्या अंगानं त्याच्या उशाशी बसला.

ऊन कलायला आलं तेव्हा तो कपड्यांचा ढीग थोडासा हलला. मग पुन्हा हलला. मग थरथरायला लागला. निंबाजीचे दात वाजायला लागले, कडाकडा, आख्ख्या कपारीला ऐकू जातील असे. अन् त्या दिवशी त्याच्या थरथरण्याला कुणी हसलं नाही. बायाबापड्यांनी हात जोडले. पाटील लहान मुलासारखा रडला.

"लई भ्यालो होतो गं," निंबाजी लेकीला म्हणाला.

"मी बी," तानी म्हणाली.

त्यानंतर निंबाजी पुष्कळ वर्षं जगला. त्याच्या पाठीवर रुपयाएवढा एक डाग होता, काळा अन् दगडासारखा गार. भर वैशाखातही तो गारच लागे, असं म्हणतात. त्याची भीती काही गेली नाही. धूर दिसला की तो अंगणात यायचाच. फक्त आता त्याच्याबरोबर सगळं गाव अंगणात यायचं.

पेंढारी गेले, राज्यं गेली, घरांना सिमेंटच्या भिंती आल्या. तरी आजही उंबरदरीत सुतार पेटी करतो तेव्हा तिची पाठ काळी ठेवतो. अन् कपारीत एक उभी पेटी कायम असते. दर पौषात गावात नवी आलेली सून ती उघडते, खण पुसते, कडुनिंबाचा पाला बदलते अन् एक धुतलेली घोंगडी आत ठेवून येते. पेटीला कुलूप नाही. कधी वाट चुकलेला गुराखी, कधी घरातून पळालेली एखादी पोर, कधी कुणीतरी ज्याचं नावही गावाला कळत नाही, ती घोंगडी पांघरून रात्र काढतं.

कधीकधी पेटी रिकामी सापडते. तेव्हा गाव चोर शोधत नाही. सून खाली येऊन सांगते, घोंगडी नाही. अन् घरातलं मोठं माणूस दुसरी काढून देतं आणि म्हणतं, "कुणीतरी भ्यालं असेल, बाई. जा, ठेवून ये."