हत्तीखान्यातली गुळवेल

एका राज्यात मधुकेतू नावाचा राजा होता. तो इतका गोडखाऊ, की सिंहासनाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागत. नाहीतर मुंग्यांनी राजालाच उचलून नेले असते!

एके दिवशी त्याने फर्मान काढले, "राज्यात कडू काही नको." कारली गेली, मेथी गेली, किल्ल्यातला कडुनिंबही तोडला. त्यावर चढलेली गुळवेल शिपायांनी ओढून भिरकावली. त्या कडुनिंबात एक मांत्रिक राहत असे. बेघर होताच तो गरजला, "राजा, तुझ्या लेकीला ताप चढेल आणि उतरणार नाही!"

राजकन्या केतकी तापाने फणफणली. कपाळावरची ओली पट्टी पापडासारखी कुरकुरीत होई. राजवैद्य म्हणाले, "महाराज, औषध एकच, गुळवेल. तीच आपण हद्दपार केलीत."

राजा स्वतः शोधाला निघाला. वेशीवर भारद्वाज पक्षी बसला होता.

"आता आठवली होय वेल?"

"चुकलो. कुठे मिळेल?"

"तुझ्याच हत्तीखान्याच्या वाशावर. पण तीन कामे करावी लागतील. आज अक्षता वाहून तिला आमंत्रण दे, तोडायची ती उद्या. जमिनीला टेकू देऊ नकोस. आणि काढा लेकीआधी तू पी. साखर न घालता!"

राजा धावला. शिपायांनी भिरकावलेली वेल वाशावर अडकून लोंबकळत होती. ना मूळ, ना माती, तरी हिरवीगार! अधांतरीच तिने सुतासारखे नवे मूळ खाली सोडले होते. अक्षता वाहून राजा म्हणाला, "बाई, मी तुला टाकले. उद्या माझ्या लेकीसाठी येशील?"

वारा नसताना वेल हलली. खोटे वाटत असेल तर हत्तीला विचारा.

तेवढ्यात दासी आली. "महाराज, ताप वाढतोय!" राजाचा हात कोयत्याकडे गेला, तसाच मागे आला. आमंत्रण दिलेल्या पाहुणीला फरफटत कसे न्यायचे?

उजाडताच त्याने अंगठ्याएवढी जाड, लांब कांडी कापली, जमिनीला टेकू नये म्हणून गळ्यात घालून नेली, वैद्यांनी ती ठेचून उकळली. पहिल्या घोटाला राजाच्या कानांतून वाफ निघाली. राजाने पेला रिकामा केला, तोंड पुसले आणि उरलेला काढा लेकीला पाजला.

केतकीच्या कपाळाला घाम फुटला. तिने डोळे उघडले. "तात, भूक लागली!"

राजा तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

किल्ल्यात कडुनिंबाचे रोप लावले, त्यावर वेल सोडली. मांत्रिक बोचके घेऊन परतला. "जागा अंमळ लहान आहे," असे कुरकुरत रोपात शिरला. राजाचे गोड खाणे कमी झाले, तसा मुंग्यांनी सिंहासनाचा नाद सोडला, आणि त्या चार वाट्यांतून भारद्वाज अजून पाणी पितो.