पायउताराचा धोंडा

हळदगीच्या वेशीबाहेर, बिरोबाच्या देवळापुढच्या वाटेवर एक काळा सपाट धोंडा आहे. त्यावर दोन पावलांचे खळगे आहेत. उजवा चांगला खोल, डावा नुसता बोटं टेकल्यासारखा. गावात त्याला पायउताराचा धोंडा म्हणतात. त्यावर चप्पल घालून उभं राहिलेलं म्हाळाप्पा गुरवांना खपत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, आधी शिवी आणि मग पाणी, असा त्यांचा शिरस्ता आहे.

हळदगीत परका माणूस दिसला की समजावं, एकतर तो वाट चुकलाय, नाहीतर दांडोळे आहे. अलीकडे आडनावाचा माग काढत येणारे वाढले आहेत. कुणी पुण्याचे, कुणी हुबळीचे, कुणी थेट बडोद्याचे. क्षेत्राच्या उपाध्यांच्या वहीतला उतारा त्यांनी आणलेला असतो, मोडीतला एखादा कागद जाणकाराकडून वाचून घेतलेला असतो, कुलदैवत आणि देवक तोंडपाठ असतं. तरी काही पिढ्या मागे गेलं की गाडी अडते. मग कुणीतरी सांगतं, हळदगीला जा, तुमचा हेळवी तिथं येतो.

हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा वंश सांगणारा. ज्या आडनावांचा तो हेळवी, त्यांच्या पिढ्या त्याच्या जिभेवर. पण हळदगीचा हेळवी इतरांसारखा बैलावरून सांगत नाही. तो या धोंड्यावर उतरतो आणि पायांवर उभा राहून सांगतो. असं का, हे म्हाळाप्पा सांगतात ते असं.

फार जुनी गोष्ट. कंपनीचं राज्य यायचं होतं म्हणे, काही म्हणतात नुकतंच आलं होतं. त्या वेळी दांडोळ्यांचा हेळवी इराप्पा नावाचा होता. डाव्या पायानं अधू. पण बैलावर बसला की पाय कुणाला आठवतोय? तो बैल दांडोळ्यांनीच मानानं दिलेला, पांढराशुभ्र, गळ्यात घंटा. बैलावर बसून सांगितलेला वंश खरा, अशी सगळ्या मुलखाची समजूत होती. वंश सांगताना हेळव्याचा पाय मातीला लागला तर वंश मातीत जातो आणि सांगणाऱ्याची जीभ लुळी पडते, असंही म्हणत. इराप्पाच्या बापानं त्याला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पाय टेकू नकोस, आणि जे ठाऊक नाही ते बोलू नकोस.

त्या खेपेला इराप्पा आला तेव्हा शिवेवरच मायाप्पा दांडोळे त्याची वाट बघत उभा होता. मायाप्पा घरातला थोरला. त्याचा धाकटा भाऊ जकाप्पा मेंढरं घेऊन घाटाखाली गेला होता आणि तिकडंच पान लागून, म्हणजे साप चावून, मेला होता. तो मेल्यावर त्याची बायको नागव्वा बाळंत झाली. मुलगा झाला. त्याचं नाव बिरू ठेवलं.

मायाप्पानं बैलाच्या कपाळावर हात फिरवला आणि शांतपणे सांगितलं.

"इराप्पा, जकाप्पा मेंढरं घिऊन गेला तवापास्नं घरी फिरकला न्हवता. पोर कुनाचं ते मला ठाव न्हाई. त्याचं नाव घिऊ नगंस. जकाप्पाचा वंश खुंटला, येवढंच म्हन."

"धनी, पर नागव्वाआक्का काय म्हंती?"

"ती काय म्हनंल? जत्रंत राती येऊन गेला म्हंती. कुनी बघितलं? कुनीबी न्हाई."

आता हेही खोटं म्हणावं असं नव्हतं. फिरतीवर असलेल्या धनगरानं तळ सोडून घरी पळून यायचं नसतं. सापडला तर तळावरचे त्याला दंड करतात. त्यामुळे जकाप्पा आला असेल तर लपूनच आला असेल, आणि लपून आलेल्याला कोण बघणार? इराप्पाला हे कळत होतं. पण आला होता की नव्हता, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊक नाही ते बोलायचं नाही.

हेळव्याच्या एका शब्दावर काय टांगलेलं होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. हेळव्यानं नाव घेतलं तर पोर दांडोळे. मग त्याला जमिनीत वाटा, विहिरीवर पाळी, बिरोबापुढं भाकणूक, म्हणजे वर्षाचं भविष्य, ऐकायला बसायची जागा. नाव घेतलं नाही तर ते कुणीच नाही. आणि त्याची आई? तिला त्याच दिवशी पोराला पोटाशी धरून घराबाहेर पडावं लागणार होतं. आजूबाजूच्या साऱ्या मुलखात पाण्यानं तोंड फिरवलेलं होतं. बाईमाणूस जाणार कुठं? माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं.

इराप्पानं बैल गावाकडं वळवला. त्याला त्या सकाळी पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

देवळापुढं सगळं गाव जमलं. फिरतीवर न गेलेले पुरुष पुढं, बाया पाठीमागं देवळाच्या भिंतीला टेकून. त्यांच्यात मायाप्पा-जकाप्पाची आई लिंगव्वाही होती, म्हातारी, गुडघ्यात मान घालून बसलेली. एक मुलगा गेला, दुसरा सुनेला घराबाहेर काढायला निघालेला, आणि ही चार महिने तोंडातून शब्द काढत नव्हती. इराप्पानं घंटा वाजवली आणि वंश सुरू केला. मूळपुरुषापासून एकेक नाव पुढं सरकू लागलं. नेहमी लोक मध्येमध्ये "व्हय, व्हय" करत. त्या दिवशी सगळे मायाप्पाच्या तोंडाकडं बघत होते.

"सोमाप्पाचा होनाप्पा. होनाप्पाचा थोरला मायाप्पा. होनाप्पाचा धाकटा जकाप्पा. जकाप्पाचा..."

इथं इराप्पा थांबला. बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"म्हन की," मायाप्पा पुढं येऊन म्हणाला. "खुंटला म्हन."

इराप्पाच्या ओठावर तो शब्द आलाही होता. खरं सांगायचं तर तो सोपा होता. पण खुंटला हे तरी त्याला कुठं ठाऊक होतं? खुंटला म्हणणंही तेवढंच न माहीत असलेलं बोलणं. म्हणजे आता बोललं तरी पाप आणि गप्प बसलं तरी पाप. इकडं आड तिकडं विहीर.

तेवढ्यात नागव्वा पुढं आली. वंश सांगताना बायांनी पुढं यायचं नाही, अशी रीत होती. ती आली. पदराखाली पोर होतं. रडली नाही, कुणाच्या पाया पडली नाही.

"हेळवीमामा, एक इचारू?"

"बाई, माघारी सर," कुणीतरी ओरडलं.

"सरते. एकच इचारते आन सरते. मामा, हे आमचं थोरलं भावजी होनाप्पा मामंजींचं ल्येक. हे तुमाला कुनी सांगितलं?"

"माज्या बानं."

"आन तुमच्या बाला?"

इराप्पाला ते ठाऊक होतं. बापानं त्याला ती गोष्ट सांगितलेली होती. मायाप्पाचं नाव वंशात घालायला इराप्पाचा बाप आला, तेव्हा होनाप्पा मेंढरांबरोबर फिरतीवर होता. घरात बाळंतीण आणि बाळ. नाव कुणी सांगितलं? तिनंच. आणि होनाप्पाचं नाव? तेव्हाही पुरुष फिरतीवरच असणार. धनगराचा हेळवी येतो पावसाळ्याच्या तोंडाशी, मेंढरं माघारी फिरायच्या आत. इराप्पाच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मिशीला पीळ देऊन जी नावं सांगितली, ती सगळी कुणातरी बाईनं उंबऱ्यात बसून सांगितलेली होती. बाईचं नाव तेवढं त्यांनी गाळलं होतं.

"आईनं सांगितलं," इराप्पा हळूच म्हणाला. "लिंगव्वाआईनं."

"मंग म्याबी आईच हाय की," नागव्वा म्हणाली आणि खरंच दोन पावलं मागं सरली.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मायाप्पाचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यानं झेप घेऊन बैलाची वेसण धरली.

"माज्या आईचं नाव चारचौघांत घेतुस? बैल कुनाचा हाय ह्यो?"

"तुमचाच, धनी."

"मंग आमच्या बैलावर बसून आमी सांगू तेच बोलायचं. खुंटला म्हन. न्हाईतर उतर!"

उतर म्हणजे काय, ते साऱ्यांना कळलं. उतरला तर त्याचा वंश ऐकणार कोण? पुन्हा कुठल्या गावात त्याला दारात उभं करतील? आणि जीभ? त्यालाही बायको होती, पोरंबाळं होती, दहा गावांची हेळवकी होती. म्हाळाप्पा इथं थांबतात आणि ऐकणाऱ्याकडं रोखून बघतात. तुम्ही असता तर काय केलं असतं, असं ते विचारत नाहीत, पण बघतात.

इराप्पानं घंटेची दोरी सोडली. बैलाच्या मानेवर एकदा हात ठेवला. आणि तो उतरला.

खाली हा धोंडा होता. उजवा पाय पडला, डावा नुसता टेकला. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला स्वतःलाच वाटलं, आता आवाज येणार नाही. पण आवाज आला. असा खणखणीत आवाज त्याच्या बापालाही नव्हता म्हणे.

त्यानं वंश पुन्हा पहिल्यापासून सांगितला. पण निराळ्या तऱ्हेनं. जुन्या आयांची नावं त्याला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नाही ते तो बोलणार नव्हता. म्हणून प्रत्येक पिढीला तो नुसतं "आईनं सांगितलं" म्हणायचा, थोडा थांबायचा आणि मग बापलेकांची नावं घ्यायचा. असं करत तो शेवटाला आला.

"लिंगव्वानं सांगितलं, होनाप्पाचा मायाप्पा. लिंगव्वानं सांगितलं, होनाप्पाचा जकाप्पा. नागव्वानं सांगितलं, जकाप्पाचा बिरू."

यात खोटं काय होतं? एक अक्षर नव्हतं. मायाप्पाला नाही म्हणायचं तर आधी स्वतःच्या आईला खोटं पाडावं लागणार होतं. तरी तो म्हणालाही असता, रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण भिंतीजवळची लिंगव्वा उठली. आपलं नाव वंशात आलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. गुडघ्यांवर हात देत ती सगळ्या पुरुषांच्या मधून चालत आली, नागव्वाच्या हातातून पोर घेतलं आणि बिरोबाच्या पायरीवर त्याला मांडीवर घेऊन बसली. मायाप्पाच्या हातून वेसण गळून पडली. बैल मात्र जागचा हलला नाही. इराप्पाचं सांगून संपेपर्यंत तो तसाच उभा होता, असं सांगतात.

इराप्पाची जीभ गेली नाही, पोट गेलं. बाकीच्या गावांनी त्याला दारात उभं केलं नाही. त्याच्या भाऊबंदांनी त्याची गावं आपसांत वाटून घेतली. एक हळदगी तेवढी उरली. इथं तो मरेपर्यंत पाय ओढत चालत यायचा, बैल दिला तरी घ्यायचा नाही. नागव्वा त्याला पोटभर जेवू घालायची. मायाप्पाच्या घरी पुढं मुलगा झाला नाही. आज ज्या ज्या गावात दांडोळे आहेत, ते सगळे त्या पदराखालच्या पोराचे वंशज आहेत.

आजही हळदगीचा हेळवी वेशीपर्यंत बैलावरून येतो आणि धोंड्यावर उतरतो. नवीन नाव घालायचं असेल तर बापाला विचारत नाही. आई सांगते, मगच घालतो. आई हयात नसेल तर आजी, आजी नसेल तर ज्या बाईनं वाढवलं ती.

गेल्या वर्षी बडोद्याचे हेमंत दांडोळे गाडी करून आले होते. म्हाळाप्पांचं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण गुरव, ते मूल खरोखर जकाप्पाचंच होतं का? काही पुरावा?" हा प्रश्न हळदगीत आजही कुणी विचारत नाही. म्हाळाप्पांनी तोंड फिरवलं. हेळवी धोंड्यावर उभाच होता. हेमंतरावांनी जरा ओशाळून वंशात नाव घालण्यासाठी आणलेला दाखला काढायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. त्यांच्या आई इंदुमतीबाई ऐंशीच्या पुढच्या. हात धरायला आलेल्या ड्रायव्हरला बाजूला करून त्या स्वतःच खाली उतरल्या, लेकाच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या आणि हेळव्याला म्हणाल्या,

"त्याला नका विचारू. त्याला काय ठाऊक? मी सांगते."