अर्धा घासलेला पोपट

ओतारवाडीत सगुनीच्या आबाची भट्टी थंड पडली व्हती. भाता फाटला, पितळ वितळंना. ओतारी मानूस हात बांधून बसला की घर कसं खायला उठतं! घरात उरला व्हता पनजानं ओतलेला चिमुकला पितळी पोपट, काळपट-हिरवा.

एका सकाळी सगुनी राजाच्या बागेत काटक्या येचाय गेली. बघती तर करवंदीच्या जाळीत इवलीशी परी अडकलेली! पंख मोरपिशी, डोळं दवावानी लुकलुकनारं, पायात चांदन्यांचं पैंजन. सगुनीची बोटं रक्ताळली, पन एकेक काटा तिनं हळूच काढला. पंखाला चरा पडू दिला न्हाई.

"काय पायजे तुला, सोनुले?" परीनं इचारलं.

"आमच्या आबाची भट्टी पेटू दे."

"पेटंल. आज इथं जुन्या कलेच्या वस्तूंचा लिलाव हाय. तुमचा पोपट आन. पन दोन अटी. त्याला घासायचं न्हाई. अन् कुनी इचारलं तर खरंच सांगायचं."

मांडवात काय थाट! सोनेरी तसबिरी, हस्तिदंती पालखी, निळ्या काचेचं झुंबर. पोपट बघून झुंबरवाला शेट खिदळला, "अगं ए, चुलीतनं उचलून आनलास व्हय?" समदी दात काढाय लागली. लेकराला हसायला लाज कशी वाटत न्हाई यास्नी!

सगुनीचं कान तापलं. ओताऱ्यानं मळकं भांडं चारचौघांत मांडायचं म्हंजी नाकच कापल्यागत. झाडाखालची चिंच उचलली, तळ्यावर गेली अन् एक पंख खसाखसा घासला. पिवळाधमक झाला, अन् तवाच तिला अट आठवली.

पोपट चौरंगावर आला. म्हाताऱ्या रानीसाहेबांनी चष्मा सावरला. "शंभर वर्सांचा रंग कुनी काढला गं?"

लिलाववाला कानात कुजबुजला, "पैल्यापासनं असाच हाय म्हन, येडे! न्हाईतर कवडी मिळायची न्हाई."

सगुनीच्या डोळ्यांपुढं थंड भट्टी आली. तरी ती बोलली, "मीच घासला, रानीसाहेब. समदी हसली, लाज वाटली. चूक माझी हाय, पोपटाची न्हाई. माझ्या पनजानं लई जीव लावून ओतलाय त्याला."

रानीसाहेब हसल्या. "सकाळपासनं जो तो आपलाच माल बावनकशी म्हनतोय. ह्या पोरीनं सोताची चूक सांगितली. मंग पोपट पनजाचा हाय, हेबी खरंच. एका पंखावर पनजा, एका पंखावर पोर! पाचशे मोहरा!"

"सातशे!" एक सरदार वरडला.

"हजार!" रानीसाहेब कडाडल्या. हातोडा आदळला, धाड!

दवंडीवाल्यानं निकाल पुकारला, "झुंबर, चाळीस मोहरा! पालखी, तीनशे! तसबीर, साडेचारशे! अन् सगुनी ओतारनीचा पोपट, एक हजार! आज समद्यांत वरचढ!" शेटचं थोबाड बघन्यासारखं झालं.

दुपारपत्तुर नवा भाता घुमाय लागला. भट्टीतनं केशरी, जांभळ्या, सोनेरी ठिनग्या उडाल्या, अन् त्यातनं परी डोकावली.

"एक अट मोडलीस गं."

"व्हय," सगुनीनं मान खाली घातली.

"पन अवघड व्हती ती पाळलीस!" परी खुदकन हसली, अन् लख्ख उजेड होऊन ठिनग्यांत मिसळून गेली.

आबा गरजला, "सगुने, साचा आन! पोपटाला जोडीदार ओतू!"

"आबा, जोडीदाराला घासायचं का?"

"घास की! नवा हाय त्यो!"