अळणी वाटा

“...आणि मीठ?” वस्तादांनी विचारलं.

“मीठ नाही, वस्ताद. चिमूटभरसुद्धा नाही.” धैर्यशीलनं तव्यावरचा मटणाचा तुकडा उलटला. “मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. मीठ नसणं हीच तर माझ्या स्टेक रोलची खासियत आहे.”

वस्ताद नुसतं ‘हं’ म्हणाले आणि तव्याकडे बघत बसले.

दुपारचे बारा वाजले होते. तालमीच्या मागं रंगराव वस्तादांचं घर आहे, तिथल्या स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो. धैर्यशील शेगडीपाशी, वस्ताद पाटावर, आणि मी त्याचा फोन हातात धरून दारात उभा. आम्ही दोघं एकाच वर्षी तालमीत आलो. मी गावात राहिलो, दूध सोसायटीत चिकटलो. तो पुण्याला गेला, जिम काढली, आणि आता घरच्या घरी काय बनवून खावं ते फोनवरून लोकांना शिकवतो. लाखभर लोक बघतात म्हणे.

आठ वर्षांनी आला होता गडी. कशाला? तर वस्तादांनी त्याच्या हातचा रोल खावा, पाठीवर हात ठेवावा आणि ‘हा माझा पठ्ठ्या’ असं फोनसमोर म्हणावं. आमच्याकडे वस्तादांचा हात पाठीवर पडल्याशिवाय कुणी स्वतःला पैलवान म्हणवून घेत नाही. तो हात न घेताच धैर्यशील निघून गेला होता. एवढं नाव झालं तरी ते त्याला सलत होतं. काल रात्री गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्यापाशी बोलला तो तसं.

वस्तादांची बायको, आमच्या काकी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हा हा आला नाही. फोनवर जोडलेले दोन हात पाठवले, झालं. मला तेव्हा राग आला होता आणि त्या दुपारीही होताच. खोटं कशाला बोलू?

“मांडीचा बिनहाडाचा तुकडा घ्यायचा,” तो फोनकडे बघून बोलू लागला. “आधी ठेचून पातळ करायचा. घट्ट दही आणि लसूण चोळून दोन तास ठेवायचा. मिरची नाही, मसाला नाही. तव्यावर तुपात दोन्हीकडनं खरपूस भाजायचा, थोडा वेळ तसाच सोडायचा आणि मग पट्ट्या कापायच्या. मऊ चपातीत काकडी, कोवळा कांदा, वर या पट्ट्या. दोन बारीक रोल करायचे. दोन्ही मिळून चाळीस ग्रॅम प्रोटीन. पोट भरतं आणि जडही वाटत नाही.”

“ठेचलंस कशानं?”

“वरवंट्यानं. त्याची हातोडी मिळते पुण्यात, पण मला वरवंटाच बरा पडतो.”

“आनि रोल एवढा बारीक का रं?”

“तोंड फार उघडावं लागत नाही, वस्ताद. कॅमेऱ्यात बरं दिसतं.”

वस्ताद पाटावरून पुढं झुकले.

“कुनी शिकिवलं तुला ह्ये?”

“कुणी नाही. माझं मीच शोधलं. दोन वर्षं घातली त्यात.”

त्यानं ताट पुढं ठेवलं. काकी गेल्यापासून वस्ताद एकवेळ दूधभात खातात आणि आडवे होतात. मला वाटलं, घासभर खाऊन ताट सारतील. पहिला घास घेतला आणि त्यांनी डोळे मिटले. मग काही न बोलता दोन्ही रोल संपवले. ताटात पडलेला चपातीचा तुकडाही सोडला नाही. डोळे पुसायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

धैर्यशीलनं मला खूण केली, जवळ ये. मी फोन घेऊन पुढं सरकलो. काय करणार, मित्र पडला.

तो वस्तादांपुढं बसला, वाकला, आणि पाठ पुढं केली.

वस्तादांचा हात वर गेला... आणि तसाच थांबला. मग त्यांनी धैर्यशीलची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि खालच्या ओठावरच्या जुन्या वणावर अंगठा ठेवला.

“हितं किती टाकं पडलं हुतं?”

“सात.” तो गोंधळला. “जत्रेच्या मैदानात. कोपर बसलं होतं तोंडावर.”

“मग दीड म्हैना काय खाल्लंस?”

मागं तव्यावरचं तूप जळायला लागलं होतं. शेगडी बंद करायचं भान कुणालाच नव्हतं.

“काकी...” तो पुटपुटला.

“मीठ झोंबायचं तुला. मोठा पैलवान, लेकरागत रडायचास. तोंड उघडायचं न्हाई, म्हनून ती बारीक करून गुंडाळायची. दात हलत हुतं म्हनून वरवंट्यानं ठेचायची. आमच्या रश्शाला फोडनी बसायच्या आधी तुझा अळणी वाटा बाजूला निघायचा. हात सुजायचं तिचं.”

वस्तादांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

धैर्यशील खाली बघत रडायला लागला. खरंच रडत होता तो, फोनसाठी नाही. एवढं मी ओळखतो त्याला.

“चुकलो, वस्ताद. आईशप्पथ, मला आठवलंच नाही. मला वाटलं, माझंच आहे हे. व्हिडिओ पुन्हा करतो. काकींचं नाव घालतो त्यात. सगळ्यात आधी त्यांचंच नाव घेतो.”

“घे की. नाव काय तिचं?”

“काकी...”

“ते तुमी म्हनायचा. नाव काय तिचं?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. सहा वर्षं मीही त्याच घरात जेवलो होतो. काकी गेल्या तेव्हा चौकातल्या फळ्यावर खडूनं मीच लिहिलं होतं, ‘रंगराव वस्ताद यांच्या पत्नीचे दुःखद निधन’. वाचून कुणी नाव विचारलं नाही, आणि लिहिताना मलाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं. लाज वाटली मला.

फोन अजून चालूच होता. मी तो बंद करायला गेलो.

“ऱ्हाऊ दे चालू,” वस्ताद म्हणाले. ताट बाजूला सारून ते धैर्यशीलकडं वळले.

“बोल की. लाखभर मानसं वाट बघत्यात तुजी.”