‘प्रभंजना’चा धूर

“...पण मग तो डाग पुसला, तर फोटो खोटा होतो का, बुवा?”

ओटीवर टेकायच्या आधीच हेरंब विचारून मोकळा झाला. गळ्यात कॅमेरा, कपाळावर घाम, आणि नजर मिनिटामिनिटाला घड्याळाकडे. पावणेपाच झाले होते. फोटो सहाच्या आत पाठवायचा होता, आणि मोबाइलला रेंज टेकडी उतरल्यावरच मिळायची.

दाजीबुवा सुपातले तांदूळ निवडत होते. डोळ्यांना आता फारसं दिसत नसे, खडे बोटांनाच सापडत. त्यांनी मान वर केली नाही.

“बस,” एवढंच म्हणाले.

खाडीच्या तोंडाशी टेकडीवर बुवांची मठी होती. बंदरातून निघणारं प्रत्येक जहाज तिथून दिसतं, म्हणून हेरंब सहा वर्षं दर रविवारी तिथे येत होता. नोकरी बँकेत, जीव मात्र आरमाराच्या जहाजांत. जोडीला खंड्या, दीपमाळा, एसटीच्या गाड्या, समोर येईल ते. तो बुवांच्या पाया पडायचा, त्यांच्या हातचा चहा प्यायचा आणि कोणतं जहाज किती लांब, कुठल्या गोदीत बांधलं, हे त्यांना तासन्‌तास समजावून सांगायचा. बुवा ऐकून घेत. सहा वर्षांत त्याने गुरूला शिकवलं पुष्कळ, विचारलं काहीच नव्हतं.

फोटो मात्र त्याचे लख्ख. तार आडवी आली, पुसली. कावळा मध्ये आला, पुसला. एकदा देवळाच्या फोटोत त्याची आत्या डोकावली. तिलाही त्याने अशा सफाईने पुसलं, की देवळालाही पत्ता लागला नसता.

आत्या त्याच पावसाळ्यात गेली. भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो घरात सापडला नाही.

हे त्याने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. तेव्हापासून काही पुसायला घेतलं, की त्याचं बोट आधी अडायचं. तरी तो पुसायचाच.

आज सकाळी ‘प्रभंजना’ शेवटची निघाली होती. चाळीस वर्षांची, वाफेवर चालणारी युद्धनौका. उद्या तिचा निरोपसमारंभ होता, आणि तिथे आलेल्या फोटोंतून निवडलेला तिचा एकच फोटो भिंतीवर लागणार होता. हेरंबने पहाटेपासून दबा धरून तो टिपला होता. ऊन हवं तसं, समुद्र हवा तसा, पांढऱ्या गणवेशातले नौसैनिक कठड्याशी रांगेत, आणि डोलकाठीवरून जहाजाइतकी लांब निरोपाची पट्टी फडफडते आहे...

आणि नेमका त्याच क्षणी धुराड्यातून काळा लोट उठला आणि अर्ध्या पट्टीवर पसरला.

जहाज पुन्हा निघणार नव्हतं. दुसरा फोटो मिळणार नव्हता. पूस की, त्यात विचारायचं काय, असं चारही मित्रांनी त्याला सांगितलं होतं. तरी तो टेकडी चढून आला. त्याला ते बुवांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे पाप परस्पर बुवांच्या माथी गेलं असतं.

“दाखव,” बुवा म्हणाले.

त्यांनी कॅमेरा डोळ्यांपासून चार बोटांवर धरला. मग आपला जाडजूड अंगठा त्यांनी पडद्यावर टेकवला. अख्खं जहाज त्याखाली गेलं. उरला फक्त धूर.

अंगठा भलत्याच बटणावर पडला तर... हेरंबने हात पुढे केला.

“बुवा, जहाज झाकलं गेलं.”

“असू दे.”

“जहाजावरचे सगळे आहेत यात?” बुवांनी विचारलं.

“सगळे. एकाचाही चेहरा कापलेला नाही.” काळजीतही त्याला हे जरा ऐटीत सांगावंसं वाटलं.

“सगळे कठड्याशी?”

“हो, बुवा.”

“मग जहाज कोण चालवतंय?”

बुवांनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. हेरंबने तो सहा वर्षं पाहिला होता. चुलीवर भाजलं असेल, असं समजून गप्प बसला होता.

मग बुवांनी सांगितलं, ते आढेवेढे न घेता. अकरा वर्षं ते ‘प्रभंजना’च्या बॉयलरवर होते. वर ऊन आहे की पाऊस, खाली कळत नसे. तेल आणि हवा यांचा मेळ बसला, की धूर निघत नाही. आणि धूर निघाला नाही, की खाली माणसं आहेत हे वरच्या कुणाच्या ध्यानातही येत नाही. हवा जरा कमी पडली, की मात्र काळा लोट उठायचा, आणि लगेच वरून फोन यायचा, शिव्यांसकट.

“अकरा वर्षं,” बुवा म्हणाले. “चुकलो, तरच दिसायचो.”

हेरंबला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला तो ‘प्रभंजना’ची लांबी शिकवत होता. आणि कारण नसताना त्याला आत्या आठवली. पदर सावरत, हसत, देवळाच्या कोपऱ्यातून डोकावणारी.

पण घड्याळ थांबलं नव्हतं. सव्वापाच झाले होते.

“मग... राहू देऊ?” त्याने विचारलं. “नाही निवडला तर? बारा वर्षं जहाजांचे फोटो काढतोय, बुवा, अशा एका भिंतीसाठी. धुरकटलेला फोटो कोण लावेल?”

बुवांनी अंगठा उचलला. कॅमेरा दोन्ही हातांनी त्याच्या स्वाधीन केला आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“पूस की,” ते म्हणाले. “फक्त आधी खाली बॉयलरवाल्यांना विचार.”