रूथपासून

चर्चच्या दारातला हा काळा दगड बघा, पाहुणे. आमच्या साळवे भावकीचे वडील, म्हणजे कुळाचे प्रमुख, एकाखाली एक कोरलेले आहेत. गब्रिएलच्या खाली लगेच एलिया. मध्ये बोटभरही जागा सोडलेली नाही. नाताळच्या सकाळी येशूची वंशावळी मोठ्यानं वाचायची, हा त्या वडिलाचा मान.

गब्रिएलला मुलगा नव्हता. एकच लेक, रूथ. नवरा वारल्यावर माहेरी आलेली. प्लेग आला तेव्हा गाव रानात पळालं, पुतण्या एलिया सगळ्यांच्या पुढे. गब्रिएल तापानं फणफणलेला. त्याला उचलून न्यायला कुणी धजेना. तेव्हा निघालेल्यांना तो म्हणाला, "जो राहील, तो माझ्यामागं वडील."

राहिली रूथ. तिनं बापाला पुरलं, आणखी तेरा जणांना पुरलं, आणि पोरकी झालेली अकरा पोरं ज्वारीच्या कण्यांवर जगवली, असं सांगतात.

साथ सरली, मंडळी परतली. रूथनं बापाचा शब्द पुढे ठेवला. भावकी म्हणे दिवसभर बसली आणि निकाल दिला: म्हातारा 'जो' म्हणाला होता, 'जी' म्हणाला नव्हता. जीव घेऊन पळालेल्यांना व्याकरण मात्र बरोबर आठवलं.

त्या नाताळला एलिया वाचायला उभा राहिला. बवाजाला रूथपासून ओबेद झाला, त्या ओळीवर आला आणि त्यानं 'रूथपासून' गिळलं. बायकांच्या बाजूनं रूथ उठली.

"एलिया, देवाच्या पुस्तकात माझं नाव चालतं. तुझ्या दगडावर का चालत नाही?"

ती बाहेर पडली ती कायमचीच. एलियाचा आवाज मात्र तिथंच अडकला. पुढच्या नाताळलाही त्याच शब्दाशी घसा बसला, त्याच्या मागून आलेल्या वडिलाचाही, म्हणे. शेवटी बायकांतून कुणीतरी तो शब्द उच्चारला, तेव्हा कुठे वाचन पुढं सरकलं.

लोक याला चमत्कार म्हणतात. मी सध्याचा वडील, त्या अकरांतल्या एकाचा पणतू. माझा घसा ठणठणीत आहे. मी थांबतो तो लाजेनं. पण माझं नाव याच दगडावर कोरायला आले, तेव्हा मीही नको म्हणालो नाही.

आजही त्या ओळीवर वाचणारा थांबतो आणि 'रूथपासून' बायका म्हणतात. एवढ्या लांबलचक वंशावळीतला एक शब्द आम्ही त्यांना दिला आहे, आणि बायकांना केवढा मान दिला म्हणून पाहुण्यांना सांगतो.