हातभर बाहेर

"...पण माझ्या पॅडलशेजारी कुणी पॅडल का ठेवत नाही, वस्ताद?" इंद्रजितने विचारलं.

शामराव वस्ताद नेटची सुटलेली दोरी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वस्तादांनी उभी हयात तालमीत पोरांना कुस्ती शिकवली. खुब्याचं हाड मोडल्यावर त्यांनी तालमीमागच्या पटांगणात पिकलबॉलचं, म्हणजे पॅडल नावाच्या छोट्या बॅटने नेटवरून चेंडू मारायच्या खेळाचं, कोर्ट आखून घेतलं, तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढलं. आता तेच गाव सकाळ-संध्याकाळ तिथे हजर असतं.

शिस्त मात्र तालमीचीच राहिली. आलेल्याने आपलं पॅडल कुंपणाशी ओळीत ठेवायचं आणि ओळीतल्या पहिल्या चौघांनी खेळायचं. पंच नाही. ज्याच्या बाजूला चेंडू पडला, त्यानेच तो आत की बाहेर ते सांगायचं. शंका असली तर गुण समोरच्याचा.

इंद्रजित तिथला सगळ्यांत तरबेज खेळाडू. हे त्याला ठाऊक होतं आणि इतरांनाही त्याने ते कधी विसरू दिलं नव्हतं. पण हल्ली त्याने ओळीत पॅडल ठेवलं, की मागची-पुढची पॅडलं हळूच उचलली जात. कुणाला दळण आणायचं असे, कुणाचा गुडघा अचानक दुखू लागे. मग गावातला पहिल्या नंबरचा खेळाडू कुंपणाला टेकून दुसऱ्यांचा रटाळ खेळ बघत उभा राही. त्याला त्याची लाज वाटे, आणि लाजेपेक्षाही जास्त वाईट वाटे.

"तुम्ही सांगा की त्यांना," तो म्हणाला. "तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

"मुजावरबाई काय म्हनाल्या?"

इंद्रजितने पॅडल दुसऱ्या हातात घेतलं.

मुजावरबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. इंद्रजितला पाढे त्यांनीच शिकवले होते. मध्यंतरी एके दिवशी दोघांच्या खेळात बाईंचा फटका त्याच्या मागच्या रेषेपाशी पडला आणि त्याने 'आउट' म्हणून डाव संपवला. बाईंनी हुज्जत घातली नाही. पॅडल पिशवीत घातलं, घरी गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

"बाहेर हुता?" वस्तादांनी विचारलं.

"माझ्या बाजूला पडला होता. सांगायचा हक्क माझा."

"ते खरं. पन बाहेर हुता?"

"...हक्क माझा होता, वस्ताद."

वस्तादांनी दोरीला गाठ मारली. जमिनीला हात टेकून ते उठले, पॅडल घेतलं आणि लंगडत नेटच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"चल, दोघंच खेळू. तू जिंकलास तर सगळ्यास्नी सांगतो, तुज्यासंगं खेळा म्हनून. बाईंच्या घरी मी सोता जातो."

इंद्रजितने त्यांच्या खुब्याकडे बघितलं. हसू येऊ नये म्हणून त्याने चेंडूकडे बघितलं आणि सर्व्हिस केली.

पहिले गुण त्याने सहज घेतले. चेंडू नेटजवळ अलगद टाकायचा, की वस्ताद पोचतच नसत. मग एक फटका जरा लांबला आणि मागच्या रेषेबाहेर पडला.

"आत," वस्ताद म्हणाले.

म्हाताऱ्याची नजर गेली, असं इंद्रजितला वाटलं. आयता मिळालेला गुण कोण परत करतं? त्याने पुढची सर्व्हिस केली.

पुढचाही बाहेर गेला. त्यालाही वस्ताद "आत" म्हणाले. इंद्रजितने तोही गुण घेतला, पण आता त्याला बरं वाटेना. पटांगणाच्या टोकाला बिडी लपवणारं पोर ज्या डोळ्यांना दिसे, त्या डोळ्यांना ही रेषा दिसत नव्हती?

त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. पुढचा चेंडू त्याने मुद्दाम उंच मारला. तो कोर्टावरून, कुंपणावरून गेला आणि पलीकडच्या शेवग्याखाली पडला.

वस्ताद लंगडत गेले. चेंडू शोधायला त्यांना वेळ लागला. परत आल्यावर त्यांनी तो धोतराला पुसला आणि नेटवरून त्याच्याकडे टाकला.

"आत."

"थट्टा करताय का, वस्ताद?"

"माज्या बाजूला पडला. सांगायचा हक्क माजा."

वस्ताद हसत नव्हते.

इंद्रजितने दात-ओठ खात खेळायला सुरुवात केली. एक फटका तर असा बसला, की चेंडू बाजूच्या रेषेला शिवून निघून गेला. असा फटका त्याच्या हातून महिन्यात एखादाच बसे. त्याने मोठ्या आशेने वस्तादांकडे बघितलं.

"आत," वस्ताद म्हणाले. आवाज तोच, शेवग्याखालच्या चेंडूला होता तोच.

त्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यानंतर तो नुसताच मारत राहिला. काही आत पडले, काही बाहेर, आणि गुण वाढत गेले. शेवटचा एक उरला.

सर्व्हिस झाली. वस्तादांनी चेंडू परतवला. इंद्रजितने तो मारला आणि तो मागच्या रेषेपलीकडे पडला. वस्ताद सावकाश वळले, वाकून जागा बघितली आणि तोंड उघडलं.

"बाहेर," इंद्रजित आधी बोलला.

"माज्या बाजूला..."

"बाहेर होता, वस्ताद. हातभर बाहेर. मी बघितलाय." त्याने पॅडलने ती जागा दाखवली. "मघाचेही होते. सगळे बघितले मी."

"जिंकायला लागलायस की."

"नको मला."

वस्तादांनी आजूबाजूला बघितलं. कोर्टावर दुसरं कुणी नव्हतं.

"...आनि बाईंचा?"

इंद्रजितने खाली बघितलं.

"आत होता," तो म्हणाला. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

वस्तादांनी चेंडू उचलला. नेटपाशी येऊन त्यांनी इंद्रजितकडे असं बघितलं, की जणू तो आत्ताच फाटकातून आला आहे.

"आलास व्हय? बरं झालं. मघाधरनं एकलाच खेळाय लागलोय."